घोटभर, घासभर, चमचाभर: न्याहारीतलं ‘थोडंसं’ जातं कुठे?

कपाच्या तळाशी राहिलेला घोटभर चहा कोणी मोजत नाही. वाडग्यात उरलेलं दोन-चार चमचे दूध, ब्रेडची काढून ठेवलेली कड, पातेल्याला चिकटून बसलेले ओट्स, यातलं काहीच आपण ‘अन्न वाया गेलं’ या सदरात धरत नाही. दुपारी ताटभर जेवण टाकावं लागलं तर दिवसभर चुटपुट लागते. सकाळचं हे सगळं मात्र नळाच्या धारेखाली दहा सेकंदांत निघून जातं आणि ते गेलं हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

आपण यासाठी जे शब्द वापरतो ते बघा. घन पदार्थ आपण ‘टाकतो’, पातळ पदार्थ ‘ओतून देतो’. टाकणं मनाला टोचतं, ओतणं टोचत नाही. ताटात राहिलं ते ‘उरलेलं’, पण तोच पदार्थ भांड्याच्या कडेला चिकटला की त्याचं ‘खरकटं’ होतं. आणि खरकटं म्हटलं की ते घासायचं असतं, खायचं नसतं. पदार्थ तोच असतो, फक्त नाव बदललं की मन त्याला अन्नाच्या हिशोबातून वजा करतं. घरी नासाडीची वही ठेवायला सांगितली की लोक प्रत्यक्षापेक्षा कमी आकडे लिहितात. त्यामुळे अन्न नासाडीचं मोजमाप करणारे नुसत्या अशा वह्यांवर विसंबून राहत नाहीत, शक्य तिथे कचराच उघडून, वेगळा करून तोलतात.

न्याहारीकडे वेगळं बघायला हवं, कारण रोज जवळजवळ तशीच होणारी ती एकमेव वेळ आहे. दुपारी-रात्री पदार्थ बदलतात, माणसं बदलतात. सकाळी मात्र तोच कप, तोच वाडगा, तीच घाई. त्यामुळे आज ३० मिली दूध उरलं असेल तर उद्याही साधारण तेवढंच उरतं. ३० मिली म्हणजे दोन मोठे चमचे. वर्षाच्या ३६५ दिवसांनी गुणलं की ११ लिटर होतात. ब्रेडच्या प्रत्येक लादीची दोन्ही टोकं टाकून द्यायची सवय असेल, आठवड्याला एक लादी लागत असेल आणि एक टोक ३० ग्रॅमचं धरलं, तर वर्षाला ३ किलोहून जास्त ब्रेड जातो. हा एका माणसाचा किंवा एका लहान घराचा हिशोब झाला.

जगाचा आकडाही याच दिशेने बोट दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये दुकानं, खानावळी आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतून गेलं. माणशी वर्षाला ७९ किलो, म्हणजे दिवसाला साधारण २१६ ग्रॅम. या आकड्यात साली, हाडं, अंड्याची टरफलं असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे, त्यामुळे तो सगळा ‘खाता आला असता’ असं समजू नये. तरीही २१६ ग्रॅम म्हणजे एखादा मोठा प्रसंग नव्हे. थोडंथोडं मिळूनच हा आकडा बनतो.

थोडंसं किती मोठं असतं

चमचाभर पदार्थामागे काय खर्ची पडलं आहे हे पाण्याच्या हिशोबात सगळ्यात सहज दिसतं. पीक वाढवायला, जनावराचा चारा पिकवायला आणि प्रक्रियेला लागलेलं पाणी (पावसाचं धरून) एकत्र केलं तर जागतिक सरासरीने एक किलो दुधामागे सुमारे १,०२० लिटर पाणी लागतं. म्हणजे दूध जेवढं ओतलं, त्याच्या साधारण हजारपट पाणी गेलं. ते दोन चमचे दूध म्हणजे ३० लिटर पाणी. एक किलो ब्रेडमागे सुमारे १,६०० लिटर, ६० ग्रॅमच्या एका अंड्यामागे सुमारे २०० लिटर. १२५ मिली कॉफीच्या कपामागे १३० लिटर पाणी असतं, तर २५० मिली चहाच्या मगामागे २७ लिटर. कॉफीचा अर्धा कप गार झाला म्हणून ओतून दिला, तर पाण्याच्या हिशोबात ते दोन मग चहा ओतण्यापेक्षा महाग पडतं.

दूध मोरीत ओतण्याची आणखी एक बाजू आहे. सांडपाण्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटरला यासाठी काही शे मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, दुधाच्या एका लिटरला लागणारा आकडा लाखाच्या घरात जातो. दूध ओतताना पांढरट पाणी दोन क्षणांत दिसेनासं होतं, पण ते पचवण्याचं काम पुढे कोणाला तरी करावंच लागतं. कचऱ्यात टाकलेलं अन्न ढिगाखाली हवेशिवाय कुजलं की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो.

आधी आठवडाभर मोजा

सुधारणा सुरू करण्याआधी सात दिवस नुसतं मोजावं. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक झाकणाचा डबा आणि मापाच्या खुणा असलेलं एक भांडं पुरे. डब्याचं रिकामं वजन लिहून ठेवा. न्याहारी झाली की खाण्याजोगं पण उरलेलं सगळं डब्यात आणि उरलेलं पातळ सगळं मापाच्या भांड्यात. दोन्ही आकडे रोज लिहा आणि मगच रिकामं करा. अंड्याचं टरफल, केळ्याची साल, चहाचा चोथा डब्यात घालू नका. केळ्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा सालीचा असतो, तो मिसळला की आकडा फुगतो आणि माणूस नाउमेद होतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे मोजायला लागल्यावर पहिल्याच दिवसापासून माणूस सावध खातो, मग खरा आकडा कळत नाही. म्हणून पहिला आठवडा नेहमीसारखंच वागायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावं. दुसरी चूक पातेल्याची. त्यात चिकटलेलं कोणी धरतच नाही. शिजवण्याआधी रिकाम्या पातेल्याचं वजन करा आणि वाढून झाल्यावर पुन्हा करा. फरक बघून बऱ्याच जणांना धक्का बसतो.

हा धक्का ओट्सच्या बाबतीत सगळ्यात जोराचा असतो. एका माणसाला ४० ग्रॅम कोरडे ओट्स आणि २४० मिली पाणी किंवा दूध पुरतं. डोळ्यांच्या अंदाजाने घेतलं तर हात सहज ६० ग्रॅमवर जातो, कारण कोरडे ओट्स हलके आणि पोकळ दिसतात. २० ग्रॅमची ही चूक पाणी पिऊन फुगते आणि शिजल्यावर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जास्तीची लापशी होते. चूक कोरड्यात होते आणि उरतं ते शिजलेलं. तेव्हा चमच्याने नाही, एका ठरलेल्या वाटीने घ्या. ४० ग्रॅम एकदाच तोलून वाटीला कुठवर येतात ते बघून ठेवलं की काटा रोज काढावा लागत नाही.

पातेल्याला चिकटणं वेगळं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू असतो. तो गरम पाण्यात दाट, चिकट होतो आणि थंड होताना आणखी घट्ट बसतो. म्हणून वाढल्यावर भांडं तसंच ठेवलं की थर सुकून पक्का होतो. वाढून होताच त्यात दोन-तीन चमचे गरम दूध घाला, दोन मिनिटं झाकण ठेवा आणि सिलिकॉनच्या उलथण्याने खरवडून वाडग्यात घ्या. स्टीलच्या चमच्याची गोलाई पातेल्याच्या तळाशी जुळत नाही, त्यामुळे चमच्याने कितीही खरवडलं तरी कोपऱ्यात राहतंच.

वाडग्याचं चक्र

कॉर्नफ्लेक्ससारख्या कोरड्या धान्याच्या वाडग्यात दूध का उरतं, हे जवळून बघण्यासारखं आहे. आधी फ्लेक्स भरून घेतले जातात, मग ते बुडेपर्यंत दूध. फ्लेक्स संपतात, दूध राहतं. ते संपवायला थोडे फ्लेक्स. आता दूध कमी पडतं म्हणून थोडं दूध. या चक्रात दर वेळी मूठभर जास्त घेतलं जातं आणि शेवटी पोट भरल्यामुळे काहीतरी उरतंच, तेही भिजून लगदा झालेलं. कुरकुरीत फ्लेक्समध्ये पाण्याचा अंश अगदी कमी असतो. दूध शोषलं की त्यातला काचेसारखा ठिसूळ स्टार्च मऊ पडतो आणि पुन्हा कुरकुरीत होत नाही. म्हणून मग तो खावासा वाटत नाही.

उपाय असा: वाडग्यात आधी दूध, ठरलेलं १२५ मिली. त्यात ३० ग्रॅमपैकी निम्मे फ्लेक्स. ते संपल्यावर उरलेले निम्मे. दुसऱ्या वेळचे फ्लेक्स कुरकुरीत राहतात आणि दूध संपतं. लहान मुलांच्या वाडग्यात तर हे करावंच. मुलांची उठल्याउठल्याची भूक रोज वेगळी असते, त्यामुळे निम्मं वाढून पुन्हा मागायला मोकळीक ठेवणं हे भरलेला वाडगा ‘संपव’ म्हणत बसण्यापेक्षा सगळ्याच दृष्टींनी बरं.

‘संपव’ या शब्दाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि घाईच्या न्याहारीत ती पोचायच्या आतच वाडगा संपलेला असतो. तरीही पोट भरलेल्या माणसाला उरलेलं ढकलायला लावणं म्हणजे नासाडी वाचवणं नव्हे. गरजेपेक्षा जास्त गेलेल्या अन्नाचा कोणालाच उपयोग झालेला नसतो, फक्त ते कचऱ्याच्या डब्याऐवजी शरीरात गेलेलं असतं. मुलांच्या बशीतलं उरलेलं आई-वडिलांनी उभ्या उभ्या खाऊन टाकणं हाही त्यातलाच प्रकार. वाया जाऊ नये यासाठीची वेळ वाढण्याच्या आधीची असते.

ब्रेड: फ्रिजमध्ये ठेवायची चूक

ब्रेड शिळा होतो तो सुकल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. १८५२ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी दाखवून दिलं की ओलावा बाहेर जाऊ न देता हवाबंद ठेवलेला ब्रेडही शिळा होतो, आणि तो ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. भाजताना पिठातल्या स्टार्चच्या रेणूंची रचना मोकळी होते. ब्रेड गार झाल्यावर ते रेणू पुन्हा ओळीने रचले जाऊ लागतात, कण कडक होतात आणि ब्रेड चिवट लागतो. गंमत अशी की ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला, म्हणजे शून्याच्या थोडं वर, सगळ्यात वेगाने होते. उणे १८ अंशाला ती जवळपास थांबते.

यावरून नियम सरळ ठरतो. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर ब्रेड बाहेर, बंद डब्यात ठेवा. त्याहून जास्त दिवस लागणार असतील तर आणला त्याच दिवशी, स्लाइस सुटे करून फ्रीझरमध्ये. गोठलेला स्लाइस थेट टोस्टरमध्ये घालता येतो, आधी वितळू देत बसायची गरज नाही. फ्रिजमध्ये बुरशी उशिरा येते हे खरं, पण ब्रेड त्याआधीच इतका कडक होतो की तो खाल्लाच जात नाही. दमट, उकाड्याच्या दिवसांत मात्र बाहेर बुरशी लवकर धरते, तेव्हा फ्रीझर हाच मार्ग. आणि गरम ब्रेड पिशवीत बंद करू नका. आतल्या वाफेचे थेंब जमतात आणि तिथूनच बुरशी सुरू होते.

कडक झालेला स्लाइस टोस्ट केला की मऊ होतो, पण काही तासांत परत कडक पडतो, म्हणून लगेच खायचा. चार कडक स्लाइस असतील तर दोन अंडी आणि १२० मिली दूध फेटून त्यात प्रत्येक बाजू अर्धा मिनिट भिजवा आणि मंद आचेवर भाजा. ताजा ब्रेड यात फाटतो, कडकच चांगला लागतो. टोकं आणि कडा फ्रीझरमध्ये साठवून, पुरेशा झाल्या की १२० अंशाच्या ओव्हनमध्ये वीस-तीस मिनिटं वाळवून चुरा करून ठेवता येतात. पूर्ण वाळल्या नसतील तर चुऱ्याला बंद डब्यात वास येतो. मधोमध तुकडा मोडून बघा, वाकला तर अजून ओला आहे.

बुरशीच्या बाबतीत मात्र काटकसर अजिबात नको. ब्रेड सच्छिद्र असतो, डोळ्यांना दिसणाऱ्या हिरव्या-काळ्या ठिपक्याच्या आजूबाजूला न दिसणारे तंतू लांबवर गेलेले असतात, आणि काही बुरशी विषारी द्रव्यं तयार करतात. ठिपका खुडून बाकीचा खाणं चूक. हुंगून बघणंही टाळा, बीजाणू नाकात जातात. अशा वेळी टाकून देणं हेच योग्य, त्याची चुटपुट लावून घेऊ नये.

दूध, अंडी, बरण्या

दुधाची बाटली फ्रिजच्या दारात ठेवायची सोय केलेली असते, पण दार दर उघडझापीला गरम हवा घेतं. दूध आत, मागच्या बाजूला, ४ अंश किंवा त्याखाली ठेवलं तर जास्त टिकतं. न्याहारी चालू असताना बाटली अर्धा तास टेबलावर राहिली की दूध लवकर नासतं. कपात हवं तेवढं घेऊन बाटली लगेच आत ठेवा. दूध प्यायला ठीक वाटतं पण गरम चहा-कॉफीत फाटतं, याचा अर्थ त्यात आंबटपणा वाढू लागला आहे. तापमान जास्त असेल तर कमी आंबटपणाही प्रथिनांच्या गुठळ्या करायला पुरतो. फ्रिजमध्ये बरेच दिवस राहून कडवट झालेलं दूध मात्र वेगळं. थंडीत वाढणारे जिवाणू त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश फोडतात, ते वापरू नये. दह्यावर आलेलं पाणी ही निवळी आहे. ओतू नका, ढवळून घ्या.

उकडलेलं अंडं सोलताना पांढऱ्याचे लचके टरफलाबरोबर जातात, तेव्हा दोष सोलणाऱ्याचा नसतो. अंडं फार ताजं असतं. नुकत्या घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच (हा आकडा जितका जास्त, तितकी आम्लता कमी) ७.६ च्या आसपास असतो आणि ते आतल्या पापुद्र्याला घट्ट धरतं. दिवस जातात तसा टरफलाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच ९ च्या वर चढतो आणि पकड सुटते. उकडायला आठवडाभर जुनी अंडी घ्या, उकळत्या पाण्यात सोडा, दहा मिनिटांनी काढून बर्फाच्या पाण्यात टाका. ताजी अंडी तव्यावरच्या पदार्थांसाठी ठेवा. कच्चं अंडं फोडल्यावर टरफलाच्या आतून एकदा बोट फिरवलं की चिकटून राहिलेलं पांढरं निघून येतं.

जॅम साखरेमुळे टिकतो, कारण साखर पाण्याला धरून ठेवते आणि बुरशीला ते मिळू देत नाही. ओला चमचा बुडवला की वरचा थर पातळ होतो, लोणी लागलेली सुरी बुडवली की ब्रेडचा चुरा आत जातो, आणि बुरशी नेमकी तिथे येते. अर्धी बरणी टाकावी लागते ती यामुळे. हवा तेवढा जॅम कोरड्या चमच्याने बशीत काढून घ्यावा. तळाशी राहिलेल्यात कोमट दूध घालून बरणी हलवली की ती जवळपास स्वच्छ निघते. मध दाणेदार झाला तर बरणी ४० अंशाच्या कोमट पाण्यात ठेवा, तो खराब झालेला नसतो. केळी पिकली की फ्रिजमध्ये ठेवा. साल काळी पडेल, आतला गर बरेच दिवस ठीक राहतो. कापलेलं सफरचंद तपकिरी होणं ही हवेशी झालेली क्रिया आहे, नासणं नव्हे. लिंबाचे दोन थेंब लावले की ती मंदावते.

कॉफी उरते ती बहुतेक वेळा पाणी अंदाजाने घेतल्यामुळे. कॉफीची पूड स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते. १५ ग्रॅम पूड आणि २५० मिली पाणी घेतलं तर कपात २२० मिली येते. ज्याला २०० मिली प्यायची आहे त्याने २३० मिली पाणी आणि १४ ग्रॅम पूड घ्यावी. चहासाठी पाणी भांड्याने न घेता प्यायच्या कपानेच मोजावं.

उरलेलं नंतरसाठी ठेवायचं ठरवलं तर वेळ बघा. दूध किंवा अंडं असलेला शिजवलेला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, हवा ३२ अंशाहून गरम असेल तर एक तास. झाकून फ्रिजमध्ये ठेवताना समोर, नजरेच्या उंचीवर ठेवा आणि त्यावर तारीख लिहा. मागच्या कोपऱ्यात सरकवलेली वाटी खाण्यासाठी ठेवलेली नसते, टाकण्याचं पुढे ढकललेलं असतं. चार दिवसांनी ती टाकताना वाईट वाटत नाही, इतकाच त्या ठेवण्याचा फायदा. उद्या सकाळी हे कोण खाणार, हे ठेवतानाच ठरवता येत नसेल तर आज शिजवताना किती जास्त झालं ते वहीत लिहा.

पहिल्या मोजणीनंतर तीन आठवडे हे बदल एकेक करून करावेत, सगळे एका सोमवारी नव्हे. कोणत्या बदलाने काय कमी झालं ते मग कळत नाही. चौथ्या आठवड्यात पुन्हा डबा, काटा आणि मापाचं भांडं बाहेर काढा. घन पदार्थांचा आकडा लवकर खाली येतो. पातळाचा हट्टी असतो, कारण गार झालेला चहा-कॉफी ओतून देण्याची सवय मापाची नसून वेळेची आहे. तिथे कप लहान करून बघा: २५० मिलीच्या मगाऐवजी १५० मिलीचा कप, आणि लागलं तर दुसऱ्यांदा अर्धा.